सण आणि सवड

सण म्हणजे कामातून मिळालेली सुटका, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. दिनदर्शिकेत तांबड्या अक्षरांत छापलेला दिवस उजाडला, की कचेऱ्या आणि शाळा बंद राहतात, आणि घरोघरी चुलीवर काहीतरी गोड शिजू लागते. ज्यांचा निर्वाह महिन्याच्या पगारावर चालतो, त्यांच्यापुरती ही समजूत खरी आहे. परंतु ज्यांची रोजी त्या त्या दिवशी हातून होणाऱ्या कामावर अवलंबून आहे, त्यांनी सण कसा पाळावा? काम बंद ठेवले तर रोजी बुडते, आणि कामावर गेले तर सण बुडतो. मोठ्या शहरात हा पेच आपल्या डोळ्यांआड राहतो. लहान गावात तो तसा राहत नाही. कारण तेथे सण साजरा करणारा आणि त्या दिवशी राबणारा एकमेकांस नावाने ओळखतात.

या दृष्टीने आम्ही पांढुर्णा आणि सौंसर या सातपुड्याच्या दक्षिण अंगाच्या मुलखाकडे पाहतो. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील हा मराठी बोलणारा प्रदेश मध्य प्रदेशातच राहिला. 2023 साली या दोन तहसिलींचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कारभाराची भाषा हिंदी आणि घरची मराठी, राजधानी भोपाळ लांब आणि नागपूर जवळ, अशी येथील स्थिती आहे. अशा कडेच्या मुलखात सण हे केवळ करमणुकीचे साधन नसते. आपण कोण, याची आठवण माणसे सणातूनच ठेवतात. म्हणूनच त्या सणात कोणास जागा आहे आणि कोणास नाही, हा प्रश्न येथे क्षुल्लक ठरत नाही.

आता येथील हिवाळा पाहावा. शहरातील माणसास थंडीचे दिवस म्हणजे सहलीचे व सुट्टीचे दिवस वाटतात. कास्तकाराच्या घरी हेच दिवस धावपळीचे. कापूस फुटलेला असतो, आणि तो वेळेवर वेचला नाही तर गळून मातीला लागतो. संत्र्याच्या अंबिया बहाराची तोड आटोपते न आटोपते, तोच मृग बहाराची फळे तयार होऊ लागतात. कापूस वेचण्याचे काम बहुतेक बायकाच करतात. दव सुकले की कमरेला ओटी बांधून त्या तासाला लागतात. सायंकाळी काट्यावर जेवढे किलो भरतील, तेवढी मजुरी. याच ऐन गर्दीत संक्रांत येते. चंद्राच्या तिथीने येणारे सण वर्षागणिक मागेपुढे सरकतात, परंतु संक्रांत सूर्याची, म्हणून ती जानेवारीच्या 14 किंवा 15 तारखेस नेमकी वेचणीच्या दिवसांतच उभी राहते.

आमच्या पूर्वजांस हा पेच दिसला नव्हता, असे मुळीच नाही. त्यांनी त्यातून काढलेल्या वाटा बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. कापसाचा पहिला वेचा करण्यापूर्वी वऱ्हाड-नागपूरकडे सीतादही करतात. वावरातच पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवितात, आणि मग वेचणीस आरंभ होतो. येथे सणासाठी काम थांबत नाही, तर सणानेच कामास प्रारंभ होतो. दुसरी वाट संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. तिळगूळ एका दिवसाचा असला, तरी हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते. जिला आज वेळ नाही, तिने चार दिवसांनी बोलवावे. जी दिवसभर वावरात आहे, तिने दिवेलागणीनंतर यावे. या मोकळिकीस शास्त्राधार कोणता, हे पंडितांनी सांगावे. आम्हांस मात्र तीत एक मोठे शहाणपण दिसते. राबणाऱ्या माणसाने सणासाठी धावत यावे असे न म्हणता, सणानेच त्याच्यासाठी थांबावे, असे ते शहाणपण आहे. सवड या साध्या शब्दात आम्हांस जे अभिप्रेत आहे, ते हेच.

तिसरी वाट पोळ्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव दूरवर गाजते. परंतु खुद्द पोळ्यात जो विचार आहे, त्याकडे लक्ष थोडे जाते. वर्षभर मानेवर जू वाहणाऱ्या बैलाचे खांदे आदल्या दिवशी शेकतात, त्यास जेवणाचे आवतण देतात आणि पोळ्याच्या दिवशी त्याच्याकडून कोणतेही काम घेत नाहीत. त्या दिवशी त्याचा चारा तोडला जात नाही. उलट पुरणपोळीचा घास त्याच्यापुढे धरतात. म्हणजे विश्रांतीच्या दिवशी पोट भरण्याची जबाबदारी धन्याची, हे तत्त्व आम्ही बैलाच्या बाबतीत फार पूर्वीच मान्य केले आहे.

माणसाच्या बाबतीत मात्र ते मान्य व्हावयास झगडावे लागले. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली कामगारांची संघटना उभी केली, आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. ती 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी मान्य केली. पुढे 1948 च्या किमान वेतन कायद्यात, सात दिवसांतून एक दिवस विश्रांतीचा आणि त्या दिवसाचेही वेतन, असा नियम करण्याची तरतूद आली. शेतीतील काम त्या कायद्याच्या कक्षेत होते. तथापि किलोवर मजुरी घेणाऱ्या वेचणारणीच्या पदरात असा दिवस कितीसा पडतो, हे कोणत्याही कापसाच्या वावराच्या धुऱ्यावर उभे राहून विचारावे.

यावर कोणी म्हणेल, की तिला सुट्टी घेण्यास कोण अडवितो? तिने संक्रांतीस घरी राहावे. याचे उत्तर आम्हांस संत्र्याच्या बागेतच सापडते. अंबिया बहार धरावयाचा असला म्हणजे डिसेंबरच्या सुमारास बागेचे ओलीत तोडतात. यास बाग ताणावर सोडणे म्हणतात. झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होतात. पुढे जानेवारीत खत व पाणी देऊन ताण मोडला, की झाड फुलावर येते. वरवर पाहता झाडास विसावा मिळाला असे दिसते. प्रत्यक्षात त्याचे पाणी बंद झालेले असते. तो ताण फळास येतो, तो बागवान ठरल्या वेळी पाणी घेऊन येतो म्हणून. त्याने पाणी दिलेच नाही, तर बहाराची आशा सोडाच, झाडही वाळून जाईल. ज्या दिवशी काम नाही आणि मजुरीही नाही, तो दिवस मजुरास असाच ताणाचा आहे. त्यास विश्रांती म्हणणे म्हणजे शब्दाशी प्रतारणा करणे होय.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. सर्वांनी एकाच दिवशी काम सोडणे शक्यच नसते. सौंसरजवळच्या जामसावळीस मारुतीच्या दर्शनाला शनिवारी लोकांची रीघ लागते. नारळ-फुले विकणाऱ्यांचा तोच कमाईचा दिवस. आमच्या कोकणी वाचकांसही हा अनुभव असेल. गोव्यात नाताळच्या सकाळी ताजा पाव हवा, तर पोदेराची भट्टी रात्रीच तापलेली असावी लागते. एकाच्या सणामागे दुसऱ्याचे काम असणारच. हे आम्हांस मान्य आहे. परंतु यावरून राबणाऱ्याचे सणाशी काही नाते नाही, असा निष्कर्ष निघत नाही. त्याच नाताळात नेवऱ्या, दोदोल, बिबिंक यांचा वाटा शेजारच्या हिंदू घरी जातो, आणि चवथीला वा दिवाळीला त्या घरचा फराळ परत येतो. ज्याचा तो सण नव्हे, त्याचाही त्यात वाटा असतो. मग ज्याच्या कष्टाने आपला सण उभा राहिला, त्याचा वाटा त्याहून कमी कसा असेल?

या वाट्याच्या आड केवळ पैसाच येतो असे नव्हे. हळदीकुंकवाची सवड कितीही मोठी असली, तरी ती आजवर सवाष्णीपुरतीच राहिली. एकाच तासाला दोघी कापूस वेचतात, आणि सायंकाळी त्यांतील एकीच्या कपाळी कुंकू लागते, दुसरी उंबऱ्याबाहेर राहते. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका लहान गावास जे सुचले, ते इतर गावांस न सुचण्याचे काही कारण नाही. सण रथसप्तमीपर्यंत थांबू शकतो, तर तो उंबरा ओलांडूनही जाऊ शकतो.

तेव्हा आमचे म्हणणे इतकेच आहे. हिवाळ्यात काम थांबणार नाही, आणि थांबू नये. कापूस माणसाच्या सणाची वाट पाहत नाही. परंतु संक्रांतीच्या दिवशी वेचणी दुपारीच आटोपती घ्यावी आणि रोजच्या मापाची मजुरी पुरती द्यावी, हे कास्तकारास अशक्य नाही. त्याचा स्वतःचा हातही अनेकदा तंग असतो, हे आम्ही जाणतो. मात्र पोळ्याच्या दिवशी बैलास उपाशी ठेवण्याचे कारण म्हणून त्याने ती तंगी कधी पुढे केलेली नाही. तिळगूळ देताना गोड बोलण्याची विनंती आपण एकमेकांस करतो. वर्षातून एक दिवस तरी काट्यावरचा हिशेब गोड झाला, तर त्या विनंतीस काही अर्थ राहील.