मडगार्डवरचा पोचा

वसमतच्या आमच्या घरामागे चिंचेखाली एक जुनी महिंद्रा पिकअप बरीच वर्षे उभी होती. बाबांनी ती १९९१ साली घेतली. तेव्हा हिंगोली जिल्हा अस्तित्वात नव्हता. परभणीतून तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्यामुळे तिच्या पाटीवर आजही परभणीचा एमएच-२२ हाच क्रमांक आहे. गावची हळद तिने बाजारात नेली, सणासाठी मंडपाचे बांबू आणले, लग्नाची वऱ्हाडे वाहिली. बाबा देवाघरी गेल्यावर तिच्यात कोंबड्यांनी बस्तान मांडले.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाने ती पुन्हा रस्त्यावर आणायचे मनावर घेतले. मी शिक्षकी पेशातला माणूस. पाना कोणता आणि पक्कड कोणती एवढेच मला समजते. तरी सुट्टीत दिवा धरून उभा राहिलो आणि बरेच शिकलो. बाहेरून धड दिसणारा पत्रा आतून किती खाल्लेला असतो हे पहिल्यांदा पाहिले. पायाखालच्या पत्र्यावर भावाने हातोडी टेकवली मात्र, ती आरपार गेली. अशा ठिकाणी दोन मार्ग असतात. गंजावरच लांबी भरावी, घासून गुळगुळीत करावी आणि वरून रंग मारावा. गाडी एका दिवसात नवी दिसते आणि पुढल्या पावसाळ्यात रंगाला फुगे येतात. किंवा चांगला पत्रा लागेपर्यंत सडका भाग कापून काढावा, नवा तुकडा वेल्डिंगने जोडावा, रेड ऑक्साइड लावावे. भावाने दुसरा मार्ग धरला. त्यातच चार महिने गेले.

त्या काळच्या महिंद्रा गाड्यांत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने आपल्याकडे बनणारे २११२ सीसीचे डिझेल इंजिन असे. आमचे उघडले तेव्हा लायनर झिजलेले निघाले. नवे लायनर, नवे पिस्टन, घासून आणलेला क्रँक, दुरुस्त केलेला डिझेल पंप, बदललेले पाटे असे करता करता एके दिवशी भाऊच म्हणाला, "दादा, आता बाबांच्या गाडीतलं बाबांचं काय राहिलं?"

प्रश्न जुनाच आहे. भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते की रथ म्हणजे चाके का, आस का, जू का. थीसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत गेले, तेव्हा ते तेच जहाज की दुसरे, यावर ग्रीक विचारवंत वाद घालत असल्याचे प्लूटार्कने लिहिले आहे. पुढे हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात आणखी एक पेच घातला : काढलेल्या फळ्या जपून ठेवून कोणी त्यांचेच दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? आमचा पेच इतका थोर नाही. पिकअपचा जुना हौदा शेजाऱ्याने नेला. तो आज त्याच्या गोठ्यात गव्हाण म्हणून वापरात आहे आणि त्याच्या म्हशींना हॉब्जशी कर्तव्य नाही.

कायद्याने मात्र हा प्रश्न सोडवून टाकला आहे. चॅसीवर कोरलेला क्रमांक जोवर तोच, तोवर गाडी तीच. पण तोच कायदा दुसऱ्या बाजूने कडक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मालकाने गाडी मनास येईल तशी बदलायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. भावाच्या मनात हौद्यात बाके बसवायची होती, गाडी उंच करून रुंद टायर घालायचे होते. ते बारगळले. सीटचे नवे रेक्झिन, गडद हिरवा रंग आणि समोरचा लहानसा क्रूस एवढ्यावर हौस भागवावी लागली. मला ते बरेच वाटले. वडिलांची वस्तू आपली झाली तरी ती सर्वस्वी आपली होत नाही, असे मला वाटते. भावाला तसे वाटत नाही.

खरा वाद झाला तो डाव्या मडगार्डवरच्या पोच्यावरून. कलिंगडाएवढा तो खळगा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड धाबे अशी तिकडची घरे. झोपलेली माणसे त्यांखाली गाडली गेली. बाबा धान्य आणि घोंगड्या घेऊन तिकडे गेले होते. तिथे एका पडक्या घराची तुळई मडगार्डवर कोसळली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कोणाकडून ऐकले, ते आठवत नाही. बाबांच्या अंत्यविधीच्या वेळी मी स्वतः चार शब्द बोललो, त्यांत ती तुळई होती.

भाऊ म्हणत होता, पोचा काढू. मी म्हणत होतो, राहू दे. माझ्या बाजूने मी संत ऑगस्टिनना उभे केले. 'देवनगरी' ग्रंथाच्या शेवटच्या, बाविसाव्या खंडात त्यांनी पुनरुत्थित देहाचा विचार केला आहे. मूर्तिकाराने मूर्ती वितळवून पुन्हा ओतली, तर कोणता कण कोणत्या अवयवात गेला याला महत्त्व नाही, सारे द्रव्य परत आले म्हणजे झाले, असे ते म्हणतात. देहातील व्यंगे तेथे उरणार नाहीत, पण रक्तसाक्ष्यांच्या जखमांच्या खुणा मात्र कदाचित दिसतील, कारण त्या कुरूपता नव्हेत, भूषणे आहेत. थॉमसला प्रभूने दाखवल्या त्या जखमाच. "गंज काढ," मी भावाला म्हणालो, "खूण ठेव."

हे सारे ऐकत बाबांचा जुना क्लीनर बाजेवर बसला होता. तो आता सत्तरीचा आहे. तो म्हणाला, "दादा, तुळई-बिळई काही नव्हती. बैल होता."

किल्लारीहून परतताना, लातूर-अहमदपूर रस्त्यावर, दोन रात्री न झोपलेल्या बाबांनी अंधारात एका बैलगाडीला धडक दिली. बैल पडला. माणसाला लागले नव्हते. लोक जमतील या भीतीने बाबा थांबले नाहीत. पंधरा दिवसांनी ते एकटेच पैसे घेऊन त्या रस्त्यावर गेले, गावोगाव विचारत फिरले. बैलवाला सापडला नाही. त्यानंतर कितीतरी मिस्त्र्यांनी पोचा काढून देतो म्हटले, बाबांनी एकालाही हात लावू दिला नाही. आई आत शेंगा सोलत होती. ती एवढेच म्हणाली, "पोळ्याच्या दिवशी ते गाडी का काढत नव्हते, असं तुम्हाला वाटलं?"

आम्हाला वाटले होते, रीत म्हणून.

माझे ऑगस्टिन तिथल्या तिथे लंगडे पडले. ही खूण भूषणाची नव्हती. मग ती काढावी? भाऊ आता नको म्हणू लागला आणि मीच काढू म्हणू लागलो, कारण आता तिच्याविषयी बोलावे लागणार होते. मृताचा दोष सबळ कारणाशिवाय उघड करू नये, मग तो खरा का असेना, असे आपली धर्मशिकवण सांगते, आणि ते योग्यच आहे. पण चर्चमध्ये उभे राहून जी तुळई मी सांगितली, तिचे काय? त्या शेतकऱ्याचा बैल ऐन हंगामात, भूकंपाच्या त्या वर्षी गेला. त्याच्या घरी ही गोष्ट आमच्या गाडीच्या खुणेने सांगितली जात असेल. आम्ही ती तुळईच्या खुणेने सांगत होतो. बाबांनी स्वतः तुळई म्हटल्याचे मात्र ना आईला आठवते, ना क्लीनरला. ते फक्त गप्प राहिले होते. गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांत अंतर किती, हे मी वर्गात सहज सांगत असे. आता सांगताना अडखळतो.

हे लिहिण्यापूर्वी मी आईला विचारले. ती म्हणाली, "लिही. पण परत गेले होते, तेही लिही."

भावाने पोच्याच्या आतला गंज खरवडून काढला, रेड ऑक्साइड लावले आणि लांबी न भरता त्यावरून हिरवा रंग मारला. तो वाळत असताना त्याच्या दहा वर्षांच्या मुलाने खळग्यात हात घालून विचारले, "हे राहिलंच की. कशाने झालं?"

भावाने माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही. त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "आजोबांनी बैलाला धडक दिली होती," तो म्हणाला. "आणि ते थांबले नाहीत. बस इथं, सांगतो."