थेंबभर विरजण

एप्रिलमध्ये टेंभुर्णीत दूध टिकवणं ही कसरत असते. उजनीचं पाणी हाकेच्या अंतरावर असलं म्हणून ऊन काही दया दाखवत नाही. सकाळचं दूध संकलन केंद्रावर न्यायला उशीर झाला, की फॅट आणि डिग्री पाहण्याआधी लोक वास घेऊन बघतात. घरी विरजण लावताना आई हाच हिशेब उलट्या बाजूनं मांडते. थंडीत चमचाभर विरजण आणि भांड्याभोवती जाड कापड, उन्हाळ्यात नुसते दोन थेंब. विरजण तेच असतं, पण ते किती घालायचं हे हवा ठरवते. पेशीतल्या एका छोट्याशा रासायनिक बदलाबद्दल विज्ञानाला हीच समज यायला ऐंशीहून अधिक वर्षं लागली.

1932 साली फ्रिट्झ लिपमन आणि फीबस लेव्हिन यांना अंड्याच्या बलकातल्या प्रथिनात सेरीन या अमिनो आम्लाला जोडलेलं फॉस्फेट सापडलं. लवकरच ते दुधातल्या केसीन या प्रथिनातही दिसलं. फॉस्फेट ऋण भाराचं, त्यामुळे ते कॅल्शियमला धरून ठेवतं. केसीनच्या साखळ्या आणि कॅल्शियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म पुंजके मिळून दुधात गोलसर कण तरंगत राहतात. हे फॉस्फेट नसतं, तर वासराच्या हाडांसाठी लागणारं कॅल्शियम सडातच खड्यासारखं साचलं असतं. विरजणातले जीवाणू आम्ल तयार करतात, तेव्हा हे पुंजके विरघळतात, कणांचा भार उतरतो आणि एरवी एकमेकांना दूर ठेवणारे कण एकमेकांना बिलगतात. दही लागतं ते असं.

तेव्हा मात्र फॉस्फेट हा प्रथिनाचा एक कायमचा दागिना वाटत होता. 1954 मध्ये यूजीन केनेडी आणि जॉर्ज बर्नेट यांनी उंदराच्या यकृतातलं एक विकर केसीनवर फॉस्फेट चढवतं, हे दाखवलं. 1955 मध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी स्नायूतलं एक विकर फॉस्फेट चढताच कामाला लागतं, हे सिद्ध केलं. दागिना बटण झाला: चढवलं की चालू, उतरवलं की बंद. 1992 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. गंमत अशी, की फॉस्फेट चढवणाऱ्या ज्या विकरांना ‘केसीन कायनेज’ हे नाव पडलं, त्यांचा गाईम्हशींच्या दुधातल्या केसीनशी काही संबंध नव्हता. केसीनवर खरोखर फॉस्फेट चढवणारं विकर ओळखलं गेलं ते थेट 2012 मध्ये.

दुसरा धागा पेशीतल्या थेंबांचा, तो याहून जुना. 1899 मध्येच ई. बी. विल्सन यांनी पेशीद्रव म्हणजे निरनिराळ्या थेंबांचं मिश्रण असावं, असं लिहिलं होतं. पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं पेशीतल्या पडदेबंद खोल्या इतक्या स्पष्ट दाखवल्या, की भिंतीशिवायही घर असू शकतं ही कल्पना मागे पडली. 2009 साली ड्रेस्डेनमध्ये क्लिफ ब्रँग्विन आणि टोनी हायमन यांनी एका सूक्ष्म कृमीच्या भ्रूणात पी-ग्रॅन्यूल नावाचे कण पाहिले. ते ओघळत होते, एकमेकांत मिसळत होते, भ्रूणाच्या एका टोकाला विरघळून दुसऱ्या टोकाला जमत होते. कणांचं हे वागणं थेंबांचं होतं. पाण्यात तेल वेगळं होतं, तशी काही प्रथिनं पेशीतच वेगळी होतात, यालाच फेज सेपरेशन म्हणतात. अशा थेंबांमध्ये बऱ्याचदा ठरावीक आकार नसलेली, सैल धाग्यांसारखी प्रथिनं असतात. केसीनही त्याच जातीचं.

मग दोन्ही धागे एकमेकांत गुंतले आणि बटणाची कल्पना अपुरी पडली. 2017 सालचे दोन शोध शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एफयूएस नावाच्या प्रथिनाचा चिकट भाग जवळपास भाररहित असतो. त्यावर बरीच फॉस्फेटं चढली, की साखळ्या एकमेकींना ढकलतात आणि थेंब विरतात. उलट गुणसूत्रातले मिटलेले भाग घट्ट ठेवणाऱ्या एचपी-1 अल्फावर फॉस्फेट चढलं, की त्याचं टोक दुसऱ्या रेणूच्या धन भाराच्या भागाला धरतं आणि थेंब तयार होतात. एकच बदल एकीकडे मोडतो, दुसरीकडे जोडतो. फॉस्फेटचा स्वतःचा असा काही अर्थ नाही, तो शेजाऱ्यांवरून ठरतो.

आणि नुसतं जमणं पुरेसं नसतं, वेळेवर सुटावंही लागतं. पेशी दुभागताना डीवायआरके-3 हे विकर फॉस्फेट चढवून कित्येक थेंब विरघळवतं. ते अडवलं तर थेंब विरत नाहीत आणि विभाजन बिघडतं, हे 2018 मध्ये दिसलं. पवईच्या आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या गटानं 2020 मध्ये पार्किन्सनशी निगडित अल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन तपासलं. ते आधी द्रव थेंब बनवतं, मग ते थेंब दिवसागणिक घट्ट होतात आणि त्यांतूनच तंतू तयार होतात. आम्लता, या आजाराशी निगडित काही जनुकीय बदल आणि फॉस्फेटची नक्कल करणारा बदल, या तिन्हींनी हा प्रवास सोपा होतो.

हे वाचल्यापासून विरजण लावताना माझं लक्ष दह्यापेक्षा दुधाकडे जातं. आपल्याला दही घट्ट लागलं की समाधान वाटतं, ते पुन्हा दूध होणार नाही याचं दुःख नसतं. पेशीचं तसं नाही. तिथं रोज असंख्य ठिकाणी विरजण पडतं आणि बहुतेक ठिकाणी ते वेळेत निघूनही जातं. आजाराची सुरुवात कधी कधी होते ती एखाद्या थेंबाची परत फिरायची वेळ टळून गेली म्हणून.