शिलो येथील थोरले



हन्नेनें शमुवेलास एलीच्या स्वाधीन केलें, तेव्हां तो अगदीं लहान होता. दर वर्षीं ती त्याच्यासाठीं लहानसा झगा करून आणीत असे. मुलगा वाढत होता. परंतु कोणाकडे पाहून? एली वृद्ध झालेला. थोरले म्हणावे असे जवळ दोघे, हफनी व फिनहास. त्यांचा चाकर तीन दातांचा कांटा शिजत्या भांड्यांत खुपसून याजकाचा वांटा काढी. कच्चें मांसहि मागे, आणि कोणी हरकत घेतली तर जबरीची धमकी देई. (१ शमुवेल २.) हें सर्व त्या लहानग्याच्या डोळ्यांदेखत चाललें होतें.

हा अध्याय वाचतांना आम्हांला आमचें बोर्डिंग आठवतें. नऊ वर्षांचे असतां आम्ही तेथें गेलों. पहिल्या रात्रीं रडूं आवरेना, तेव्हां सातवींतल्या एका मुलानें आपली वळकटी आणून आमच्या शेजारीं पसरली. तो बोलला कांहीं नाहीं. सकाळीं विहिरीवर पोहरा कसा सोडावा हें त्यानें दाखविलें, आणि प्रार्थनेच्या वेळीं गीतांचें पुस्तक दोघांच्या मध्यें धरलें. त्याच्याच बोटामागून आम्ही वाचावयास शिकलों.

पुढें आम्ही थोरले झालों. लिहितांना लाज वाटते. आमच्या वांट्याचें पाणी आम्ही एका लहान मुलाकडून भरून घेत असूं, आणि त्याच्या घरून आलेल्या भाकरींतली अर्धी थोरल्यांचा मान म्हणून खात असूं. हातांत कांटा नव्हता, एवढेंच. दोन वर्षांनीं तोच मुलगा दुसऱ्या एका लहानग्याकडून पाणी भरून घेतांना दिसला. आम्ही त्याच्यावर रागावलों. त्यानें आमच्याकडे नुसतें पाहिलें.

थोरल्यानें धाकट्यास शिकवावें ही रीत विलायतेंतून आली असें पुष्कळांस वाटतें. आमच्या पंतोजींच्या शाळांत ती होतीच. १७८९ सालीं मद्रासेंत एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा पाद्री अँड्र्यू बेल यांजकडे आली. देशी शाळेंतील मुलें वाळूंत बोटानें अक्षरें गिरवितात, हें त्यांनीं पाहिलें होतें. शाळेंतील शिक्षक तसें शिकविण्यास राजी होईनात; तेव्हां बेलसाहेबांनीं जॉन फ्रिस्कन नांवाच्या आठ वर्षांच्या मुलास वर्ग दिला, आणि काम चाललें. १७९७ सालीं त्यांनीं ही हकीकत लंडनमध्यें छापली व ती रीत तिकडे पसरली. फ्रिस्कननें अक्षरें शिकविलीं. आम्हींहि शिकविलें, पण तें निराळें.

तरी शमुवेल बिघडला नाहीं. एलीला आपले पुत्र आवरतां आले नाहींत. पण रात्रीं हांक आली तेव्हां उत्तर कसें द्यावें, हें ह्याच थकलेल्या म्हाताऱ्यानें त्याला सांगितलें. चुकलेल्या थोरल्याच्याहि हातीं एवढें उरतें.

जूनमध्यें आपल्या गांवचीं मुलें वसतिगृहांत जातील. कॅटेकिस्टबंधूंनो, गांवच्या थोरल्या मुलास "सर्वांवर लक्ष ठेव" असें मोघम सांगूं नका. एक धाकटा नांव घेऊन त्याच्या हातीं द्या, आणि मंडळीसमोर दोघांसाठीं प्रार्थना करा. मग दिवाळींत मुलें घरीं आलीं म्हणजे आधीं थोरल्यास नव्हे, धाकट्यास जवळ बसवून विचारा: बाळा, तुझें ताट कोण धुतें, आणि तूं कोणाचें धुतोस?