थांबण्याचा अधिकार

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, एका रविवारी सायंकाळी, आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक आपल्या पत्नीसह आम्हांस भेटावयास आले. हाती छायाचित्रांचा अल्बम होता. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त पॅरिसला असतात. त्यांच्याकडे गेले असता या उभयतांनी मोटार भाड्याने घेऊन बारा दिवस फ्रान्सचा सागरकिनारा आणि खेडोपाडी पाहिली. जालन्याच्या रस्त्यांवर उभी हयात स्कूटर चालविलेल्या गुरुजींनी रस्त्याच्या उजव्या बाजूने, जीव मुठीत धरून, गाडी हाकली. एत्रेताचे पांढरे कडे, भरतीच्या पाण्याने वेढला जाणारा मों-सँ-मिशेलचा मठ, नॉर्मंडीतील सफरचंदांच्या बागा, छोट्या संत तेरेजेचे लिझ्यू, असे एकेक चित्र ते दाखवीत होते.

बाई मध्येच म्हणाल्या, "फादर, काय काय पाहिलं ते हे सांगतीलच. माझ्या मनात एकच राहिलं आहे. एका बागेपाशी मी सहज म्हटलं, अहो, जरा थांबा ना. आणि हे थांबले. तासभर बसलो आम्ही तिथं. पस्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शाळा, मुलं, सासूबाईंचं आजारपण... सतत कुठंतरी वेळेवर पोचायचंच असायचं."

निरोप घेताना गुरुजी दाराशी घुटमळले. "फादर, एवढ्या पैशांत इथल्या चार मुलांची वर्षाची फी निघाली असती. आमचं चुकलं का हो?"

"छे, छे, गुरुजी," असे म्हणून आम्ही त्यांना फाटकापर्यंत पोचविले. परंतु उत्तर घाईने दिले गेले, ही रुखरुख मनात राहिली.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. पैसा कष्टाचा, तेव्हा खर्चाचा जाब कोणी विचारू नये, हे पहिले. शेजारी भुकेला असताना आनंद करणे हेच पाप, हे दुसरे. पहिल्या उत्तरात शेजाऱ्याला जागा नाही. दुसऱ्यात आनंदाला नाही. प्रभू येशूने आपले पहिले चिन्ह काना गावच्या लग्नघरी दाखविले, तेही मेजवानीतला द्राक्षारस संपला म्हणून. माणसांच्या आनंदाला त्याने कधी अपराध मानले नाही. मग गुरुजींच्या मनाला टोचणी लागली ती कशाची?

दसऱ्यानंतर मंठा तालुक्यातील एका गावी आम्ही पहाटेच्या मिस्सेसाठी गेलो, तेव्हा याचा थोडा उलगडा झाला. चावडीपुढे मालमोटार उभी होती. पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, चूल, पाण्याचे हंडे, एक शेळी आणि झोपेतून उठवलेली मुले वर चढत होती. दरवर्षी जालना जिल्ह्यातून आणि शेजारच्या बीड, परभणीतून अशी जोडपी गळीत हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती चैत्राच्या सुमारास परततात. आमच्या उपासकांपैकी काही कुटुंबेही त्यांत असतात.

"किती माणसं निघालात?" आम्ही एकाला विचारले.

"बावीस कोयते, फादर."

आम्ही माणसे मोजत होतो. तो मुकादमाच्या वहीप्रमाणे मोजत होता. त्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, उचल दिली जाते ती कोयत्याला. त्याची पत्नी पेटीवर बसली होती. कोल्हापूरकडे तिचे बरेच हंगाम झाले होते. तिकडे काय पाहिले, असे विचारता ती म्हणाली, "फडातनं पन्हाळा दिसायचा, फादर. रोज दिसायचा. वर जाऊन नाही बघितला. खाडा पडतो ना."

खाडा म्हणजे कामाचा चुकलेला दिवस. जोडीतील एक जण आजारी पडला तरी दोघांचा दिवस बुडतो आणि वर दंड हिशेबात चढतो. पाळी, बाळंतपण, ताप, यांपैकी कशासाठीही थांबण्याची सोय त्या हिशेबात नसते. याची परिणती कोठवर जाते पाहा. शासनाने नेमलेल्या समितीने २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. देह अधूनमधून थांबवितो, तेव्हा त्यातील थांबविणारा अवयवच काढून टाकावा, या निर्णयापर्यंत यांतील कितीतरी स्त्रिया आल्या होत्या. विवाह-संस्काराने दोघे एकदेह होतात, असे आम्ही वेदीपुढे सांगतो. हंगामाची वही त्याच दोघांना एक अवजार करते.

आता बागेपाशी थांबलेल्या त्या बाई आणि पेटीवर बसलेली ही बाई यांच्यातील अंतर आम्हांस नीट दिसू लागले. पैशाचे अंतर आहेच. पण "अहो, जरा थांबा ना," असे आपल्या माणसाला म्हणण्याचा अधिकार एकीला उशिरा का होईना मिळाला. दुसरीने ते म्हटले तर दोघांवर दंड बसतो.

विश्रांती ही श्रीमंतांची चैन आहे, असे पवित्र शास्त्र कोठेही म्हणत नाही. शब्बाथाची आज्ञा घरधन्याला आहे, तशीच दासाला, दासीला, परक्याला, इतकेच काय, बैलाला आणि गाढवालाही आहे. अनुवादाच्या पुस्तकात तिचे कारणही दिले आहे: तुम्ही मिसर देशात दास होता, हे विसरू नका. फारोच्या दरबारी विटा मोजल्या जात, विसावा मोजला जात नसे.

कोणी म्हणेल, ही जोडपी स्वखुशीने जातात, उचल घेतात, त्यांनाच खाडा नको असतो. खरे आहे. घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना तो परवडतच नाही. परंतु पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रात याचा विचार केला आहे. देहाची व आत्म्याची विश्रांती सोडून देण्याचे वचन मागणे जसे अन्यायाचे, तसेच ते देणेही, असा त्यांचा आशय आहे. गरजेपोटी दिलेल्या संमतीने अन्यायाचा न्याय होत नाही.

ज्या किनाऱ्यावर गुरुजी फिरून आले, तोही एकेकाळी सधनांचाच होता. १९३६ साली फ्रान्समधील कामगारांनी मोठा संप केला आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये कायद्याने त्यांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यात कितीतरी कामगार जोडपी जोडसायकलींवर बसून समुद्राकडे निघाली. अनेकांनी समुद्र आयुष्यात प्रथमच पाहिला. १९८२ पासून ती रजा पाच आठवड्यांची आहे. म्हणजे तेथेही थांबण्याचा अधिकार आकाशातून पडला नाही, माणसांनी तो मिळविला.

गुरुजींच्या अल्बममध्ये आलाँसों गावाचेही एक चित्र होते. संत तेरेजेचे आईवडील, लुई आणि झेली मार्टिन, यांचा विवाह तेथे १८५८ साली झाला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी या पतिपत्नींना एकत्र संतपद बहाल केले. लुई घड्याळजी होते. रविवारी खेड्यांतील गिऱ्हाईक गावात येई, तरी ते त्या दिवशी दुकान बंद ठेवीत. नुकसान होते, असे हितचिंतक सांगत. त्यांनी नुकसान सोसले, पण दुकान उघडले नाही.

हे लिहीत असताना आम्हांस आमचे स्वयंपाकघर आठवले. चर्चच्या निवासस्थानी स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सर्वांत अधिक काम रविवारी आणि नाताळात असते, कारण पाहुणे तेव्हाच येतात. त्यांचे यजमान त्या दिवशी घरी एकटे जेवतात. शब्बाथावर आम्ही किती प्रवचने दिली असतील! त्या आत भांडी घाशीत ती ऐकत होत्या.

तेव्हा गुरुजी, तुमचे चुकले नाही. तुम्हांला विसावा मिळाला, याचा आम्हांस आनंद आहे. पण विसाव्याची गोडी ज्याने चाखली, त्याने आपल्या दारच्या माणसाचा खाडा मोजताना थोडे थांबावे. आपल्या शेतावरचा सालगडी, घरची मोलकरीण, गाडीचा चालक आपल्या माणसाबरोबर निवांत कधी बसतो, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे. ज्यांचा ऊस आहे, कारखान्याचे भाग आहेत, त्यांनी तेथील सभेत विचारावे. आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली आहे. रविवारी आता आमच्या स्वयंपाकघराला सुटी असते. पाहुण्यांनी राग मानू नये. शनिवारची भाकरी आणि ठेचा त्यांच्यासाठी झाकून ठेवलेला असतो.