दुसऱ्याची बाजू

बीड जिल्ह्यातील एका शाळेत इयत्ता दहावीचा इंग्रजीचा जादा तास चालू होता आणि आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. राज्य मंडळाच्या इंग्रजीच्या परीक्षेत अलीकडे एक प्रश्न विचारतात. एखाद्या विषयावरील मत छापलेले असते. विद्यार्थ्याने त्याच्या विरुद्ध मत पटेल असे मांडावयाचे. शिक्षकांनी फळ्यावर रीत लिहून दिली होती: आधी विषय, मग तीन मुद्दे, अखेरीस निष्कर्ष, आणि सारे दहा मिनिटांत. त्या दिवशी छापील मत होते, 'ऊसतोडीच्या हंगामात मुलांना गावीच ठेवावे.' मुलांनी लिहावयाचे होते की, त्यांना फडावर न्यावे.

त्या वर्गातील अनेकांचे आईवडील दरवर्षी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातात. आमच्या धर्मग्रामातील एका मुलीचा परिच्छेद सरांनी वाचून दाखवला. तास संपल्यावर ती व्हरांड्यात आली. "फादर, मला जे पटत नाही तेच मी लिहिलं. हे खोटं बोलणं झालं का?"

सेमिनरीत शिकलेले उत्तर आमच्या ओठावर होते. लिहिणारा व तपासणारा दोघेही जाणतात की हा सराव आहे. फसवणूक नाही, म्हणून आठव्या आज्ञेचा भंगही नाही. पण हे उत्तर पुरेसे नाही. संत ऑगस्टीन ३८४ साली मिलान येथे वक्तृत्वाचे शिक्षक झाले. सम्राटाचे स्तुतिपर भाषण त्यांना करावयाचे होते. आपण खोटे बोलणार, आणि ते खोटे आहे हे जाणणारेच वाहवा करणार, ही बोच त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नोंदवली. तेथेही दोघांना ठाऊक होतेच की! ३८६ साली त्यांनी ते पद सोडले. वक्तृत्व मात्र त्यांनी टाकले नाही. असत्याच्या कैवाऱ्यांनी ही कला वापरावी आणि सत्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी निःशस्त्र राहावे, हे त्यांना मान्य नव्हते.

मग भेद कोठे आहे? आमच्या मते, कोणाची बाजू व कशासाठी मांडली, यात आहे. ऑगस्टीन सत्तेची खुशामत करीत होते. ही मुलगी तेथे हजर नसलेल्या आपल्या वडिलांच्या वतीने बोलत होती. संत थॉमस अक्विनास आपले मत सांगण्यापूर्वी विरोधी आक्षेप मांडतात. आपल्या देशातील दर्शनकार त्यालाच पूर्वपक्ष म्हणतात. संतपदाच्या चौकशीत उणिवा दाखवणारा 'सैतानाचा वकील' ख्रिस्तसभेने १५८७ साली अधिकृतपणे नेमला, तो काही सैतानाच्या प्रेमाने नव्हे.

खोटे आम्हांला आढळले ते इतर वह्यांत. चार-पाच जणांनी गाईडातील तीच वाक्ये उतरवली होती. कोणाच्याही मनात नसलेली. परंतु ज्याचे पुढचे शिक्षण पस्तीस गुणांवर अडले आहे, त्याला आम्ही कोणत्या तोंडाने दोष द्यावा? त्याला इंग्रजीत स्वतःचे वाक्य रचता येईल एवढा वेळ आपण कधी दिला?

मुलीला आम्ही एवढेच विचारले, "हे तू घरी बोललीस का?"

पुढच्या रविवारी मिस्सानंतर तिने सांगितले. तिने आधी वडिलांचीच बाजू मांडली: मुकादमाची उचल घेतली आहे, आई-बाप फडात असताना धाकट्या भावाला कोण पाहील, वयात आलेली मुलगी एकट्या आजीपाशी कशी ठेवावी. वडील चकित झाले. इतके नेमके त्यांनाही सांगता आले नसते. मग तिने स्वतःचे सांगितले. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे, तेव्हा हंगाम संपलेला नसतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य शासनाने २०२१ साली मंजूर केलेल्या वसतिगृह योजनेविषयीही तिने विचारले. त्याची चौकशी आम्ही करीत आहोत.

गाडी दिवाळीनंतर निघते. वडिलांनी अजून होकार दिलेला नाही, पण सामानाच्या यादीत तिचे नाव धरू नका, असे ते आईला म्हणाल्याचे कळते.