वही कोणी ठेवावी?

मुलांना फिरायला नेताना, त्यांचा वाढदिवस साजरा करताना आपण त्यांना नेमके काय देत असतो? आणि जे देतो, ते परत मिळावे असे मनात कुठेतरी धरून ठेवतो का? प्रश्न साधा वाटेल. पण घराघरांतली बरीच कटुता याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरातून येते. मला हा प्रश्न काशीला, शिंदे घाटावर भेटला. तो प्रसंग आधी सांगतो.

गेल्या हिवाळ्यात दादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि आजी यांच्याबरोबर मी काशीला गेलो होतो. थोरली आठ वर्षांची. धाकटीला पाचवे वर्ष तिथेच पूर्ण झाले. वहिनीने पहाटे चारला उठून धर्मशाळेच्या खोलीत हळद घालून कणीक मळली, पाच दिवे केले आणि लेकीला औक्षण केले. मग आम्ही सगळे होडीत बसलो.

नदीवर बोचरी थंडी होती. थोरली कुरकुरू लागली. तिला भूक लागली होती, झोपही पुरी झाली नव्हती. दादाचे डोके प्रवासाच्या खर्चात होते. तो वैतागून म्हणाला, ''एवढा खर्च करून तुम्हाला इथवर आणलं आणि तोंड बघ कसं केलंय!'' ती गप्प झाली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, ''बाबा, मी मोठी झाले ना, की सगळे पैसे परत देईन.''

होडीत कोणीच काही बोलले नाही. आठ वर्षांच्या मुलीने आपल्याला कर्जदार मानले होते, आणि ते तिला आम्हीच शिकवले होते.

कलते मंदिर

मणिकर्णिका घाटाला लागूनच उत्तरेला शिंदे घाट आहे. त्याच्या पायाशी, अगदी पाण्याच्या कडेला, रत्नेश्वर महादेवाचे मंदिर एका बाजूला कललेले दिसते. पावसाळ्यात गंगा चढली की त्याचा बराचसा भाग पाण्याखाली जातो. आमच्या नावाड्याने त्याची कथा सांगितली. काशीतले बहुतेक नावाडी ती सांगतात. एका सेवकाने आपल्या आईच्या नावाने हे मंदिर बांधले आणि ते पूर्ण झाल्यावर अभिमानाने म्हटले, ''आज मी आईच्या ऋणातून मुक्त झालो.'' त्याच क्षणी मंदिर कलले. आईचे ऋण फिटत नाही, असे सांगून नावाड्याने कथा संपवली.

थोरलीने विचारले, ''मग आता ते सरळ करता येत नाही का?''

ही लोककथा आहे, इतिहास नव्हे. तिची वेगवेगळी रूपे ऐकायला मिळतात. काठाची जमीन खचल्यामुळे मंदिर कलले असावे, हे समजण्यासारखे आहे. शिंदे घाटसुद्धा स्वतःच्या भाराने खचला होता आणि विसाव्या शतकात, १९३७ साली, त्याची पुनर्बांधणी झाली. तरीही कथेचा प्रश्न उरतोच. त्या सेवकाचे नेमके काय चुकले? आईसाठी मंदिर बांधणे तर चांगलेच काम आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. पुस्तपालनाच्या पहिल्याच धड्यात आम्हाला व्यक्तिगत खात्याचा नियम शिकवतात : लाभ घेणाऱ्याचे खाते नावे करा, लाभ देणाऱ्याचे खाते जमा करा. बाजारात हा नियम आवश्यकच आहे. घरखर्चाचा हिशेबही ठेवायलाच हवा. दादाने प्रवासाचा खर्च मांडला यात काही गैर नव्हते. गैर झाले ते पुढे. त्याने तो खर्च मुलीच्या नावे टाकला.

त्या सेवकाचे चुकले ते याच्या उलट. तो घेणारा होता. जन्म, दूध, जागरणे, हे सगळे त्याने आईकडून घेतले होते. आणि त्यानेच एके दिवशी ठरवले की हिशेब पुरा झाला, खाते बंद. आईने काही मागितल्याचे कथेत येत नाही. मंदिर बांधल्याने तो चुकला नाही. वही मिटल्याने चुकला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक सूत्र हाती लागते. प्रेमाच्या नात्यात देणाऱ्याने वही उघडू नये आणि घेणाऱ्याने ती मिटू नये. आपण नेमके उलटे करतो. दिलेले लक्षात ठेवतो, घेतलेले विसरतो.

''हिशेब कशाला?'' असे कोण म्हणते

इथे एक धोका आहे, तो नीट पाहू या. ''घरात कसला हिशेब?'' हे वाक्य बहुतेक वेळा घेणाराच म्हणतो, कारण ते त्याच्या सोयीचे असते. त्या दिवशी दादाच्या खर्चात रेल्वे होती, धर्मशाळा होती, होडी होती. पहाटे चारला उठून मळलेली कणीक त्यात नव्हती. आपल्या घरातल्या प्रत्येक सणामागे, प्रत्येक सहलीमागे कोणाची तरी अशी पहाट असते. निष्काम कर्माचा उपदेश आपण त्या व्यक्तीला करू लागलो, तर तो उपदेश राहत नाही, पिळवणूक होते. निष्कामता माणसाने स्वतःपुरती साधायची असते. दुसऱ्याच्या कष्टांच्या बाबतीत आपण कृतज्ञच असायला हवे, आणि कृतज्ञतेला स्मरण लागते.

म्हणून सूत्र एकच असले तरी त्याचा अर्थ आपण कुठे उभे आहोत यावर ठरतो. मुलींकडे पाहताना दादा देणारा आहे, त्याने विसरावे. वहिनीकडे आणि आजीकडे पाहताना तोच घेणारा आहे. तिथे त्याने आठवण ठेवावी.

ऋण पुढे वाहते

मणिकर्णिकेचा धूर शिंदे घाटावर सहज येतो. तो पाहून आजी म्हणाली, ''शेवटी अग्नी द्यायला मुलगा लागतो गं. एक नातू हवा होता.'' तिच्या मनात कडवटपणा नव्हता; ती जे ऐकत वाढली तेच बोलली. पण दोन्ही मुली ऐकत होत्या. ज्या दिवशी धाकटीचे औक्षण झाले, त्याच दिवशी तिला ती कमी पडते हेही कळले.

आपली परंपरा खरोखर असे म्हणते का? तैत्तिरीय संहितेत तीन ऋणांचा विचार आहे. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने म्हणजे अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फिटते, असे तिथे सांगितले आहे. पितरांच्या ऋणाबाबत तिथला शब्द 'प्रजा' असा आहे. मी या कार्यात अनुवादाची थोडी सेवा करतो, त्यामुळे एका शब्दाने अर्थ किती बदलतो हे रोज अनुभवतो. 'प्रजा' म्हणजे संतती. त्यात लेक आली.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पितरांचे ऋण पितरांना परत देऊन फिटत नाही, ते पुढच्या पिढीला देऊन फिटते. आईवडिलांनी आपल्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, ते देणे आपण आपल्या मुलांना खांद्यावर बसवून चुकवतो, आणि तेही कधी पूर्णपणे चुकत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर ही शिल्लक दरवर्षी पुढे ओढली जाते. मग वृद्ध आईवडिलांची सेवा करायची नाही का? करायचीच. पण परतफेड म्हणून नव्हे. परतफेड म्हणून केलेल्या सेवेला 'आता पुरे' म्हणण्याची घाई असते. कृतज्ञतेने केलेल्या सेवेला ती नसते.

आणि घराण्याचे नाव? आपण ज्या पायऱ्यांवर उभे आहोत त्यांच्याकडेच पाहा. हा घाट बांधवला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी, १८३०च्या सुमारास. त्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. पती दौलतराव १८२७ साली वारले तेव्हा त्यांना मुलगा नव्हता, दत्तक घ्यावा लागला. काशीच्या गंगेवर शिंद्यांचे नाव राहिले ते घाटग्यांच्या लेकीमुळे.

घाटाच्या वरच्या गल्ल्यांत आत्मवीरेश्वराचे मंदिर आहे. पुत्रप्राप्तीसाठी तिथे प्रार्थना करण्याची जुनी प्रथा आहे. भुवनेश्वरीदेवींनी काशीतल्या नातलग स्त्रीकरवी वीरेश्वराची आराधना करवली आणि १८६३ साली त्यांना मुलगा झाला. घरात त्याचे नाव वीरेश्वर होते. आपण त्यांना स्वामी विवेकानंद म्हणतो. मुलाची इच्छा धरणे पाप नाही, हे यातून दिसते. पण त्याच घराची दुसरी गोष्ट आपण फारशी सांगत नाही. १८९० साली स्वामीजी हिमालयात असताना अल्मोड्याला त्यांना तार मिळाली : त्यांच्या एका बहिणीने आत्महत्या केली होती. त्या आघाताने ते अतिशय व्यथित झाले. पुढे आयुष्यभर त्यांनी स्त्रीशिक्षणाचा आग्रह धरला. नवसाने मिळालेला मुलगा आणि दुःखात गेलेली लेक एकाच अंगणात वाढली होती. घराचे देणे दोघांचेही होते.

आपण काय करू शकतो

दुपारी आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसून कचोरी-जिलेबी खाल्ली. दादाने थोरलीला जवळ घेतले आणि म्हणाला, ''सकाळचं ते चुकलं माझं. तुला काही परत द्यायचं नाहीये.'' तिने विचारले, ''खरंच?'' मग ती धाकटीबरोबर पायऱ्या मोजायला पळाली. आजी काही बोलली नाही. पण धर्मशाळेत परतताना उंच पायऱ्या चढायला तिने थोरलीचाच हात धरला होता.

वाचकहो, पुढच्या वेळी मुलांना घेऊन कुठे निघाल, बाग असो, जत्रा असो की नुसते भेळेच्या गाडीपर्यंत जाणे असो, तेव्हा तीन गोष्टी करून पाहा. पहिली : 'तुमच्यासाठी एवढं केलं' हे वाक्य त्या दिवसापुरते तरी उच्चारू नका. दुसरी : त्या दिवसामागे कोणाची पहाट गेली ते मुलांसमोर नाव घेऊन सांगा. कृतज्ञता मुले ऐकून शिकतात. तिसरी : रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे डोळे मिटून आपल्याला लहानपणी कोणी, कुठे, कसे नेले होते ते आठवा. ज्यांना शक्य असेल त्यांनी त्या व्यक्तीला फोन करावा.

रत्नेश्वराचे मंदिर अजून कललेलेच आहे. थोरलीच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला दिलेले नाही. दगड सरळ होणार नाहीत, हे तिला मोठेपणी कळेलच. आपल्या घरातले जे कलले आहे, ते मात्र आपल्याला सरळ करता येते.