कायम तिथीचा शब्द

आपल्याकडच्या अनेक वसतिगृहांत, पाठशाळांत आणि अनाथाश्रमांत 'कायम तिथी' नावाची योजना असते. दात्याने एकदाच ठरावीक रक्कम ठेव म्हणून द्यायची आणि तिच्या व्याजातून दरवर्षी वडिलांच्या श्राद्धतिथीला किंवा नातवाच्या वाढदिवशी मुलांना जेवण मिळायचे. व्यवहार चोख. फक्त रुपया जागचा हलणार नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते.

रुपया तर हलतोच. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तरी १२ वर्षांत भाव दुप्पट होतात, ३६ वर्षांत आठपट. व्याजदर तोच राहिला, तरी ज्या व्याजात ४० मुले जेवत, त्यात आता पाचच पाने वाढता येतात.

मग उरलेली ३५ पाने कोणी वाढायची? एका वसतिगृहाच्या समितीवर काम करताना हा प्रश्न मला वर्षानुवर्षे छळतो आहे. दात्याने आपला शब्द पुरा केला. त्याच्या मुलांपुढे पुन्हा हात पसरणे बरे दिसत नाही. विश्वस्तांनीही पैसा खाल्लेला नाही. दोष कोणाचाच नाही, तरी शब्द मोडतो आहे. अशा वेळी सोपी वाट एकच, आमटीत पाणी वाढवणे. ती मला अनीतीची वाटते. ज्याला तक्रार करता येत नाही, त्याच्याच पानावर महागाईचा सारा भार टाकण्याचा तो प्रकार आहे.

माझ्या मते दिलेला शब्द रुपयांचा नव्हताच, जेवणाचा होता. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून तळेगावचा काचकारखाना उभा राहिला. पण तो पैसा आज चलनातही नाही. उलट कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बायका मुष्टिफंडाची जी मूठ बाजूला काढत, तिच्यात आजही तितकेच धान्य मावते. आपल्या कन्नड शेजाऱ्यांची दासोहाची परंपराही याच वाटेने जाते. तुमकूरच्या सिद्धगंगा मठात रोज हजारो विद्यार्थी जेवतात, तिथे भक्त धान्यही आणून देतात.

"आमचेच भागत नाही, तिथे संस्थेला काय देणार?" हे पेन्शनरांचे म्हणणे खोटे नाही. पण मूठ आपल्याच डब्यातून निघते. डब्यात कमी असेल तर मुठीची चिमूट होईल, आणि त्यात लाज नाही. लाज आहे ती डबा भरलेला असताना मागल्या वर्षीची पावती पाहून तोच आकडा लिहिण्यात.

म्हणून संस्थांनी अहवालात रुपयांबरोबर पानेही छापावीत : कोणत्या ठेवीतून यंदा किती मुले जेवली. आणि आपण घरातल्या एका दिवसाच्या स्वयंपाकाला आज जो खर्च येतो, तो वर्गणी म्हणून द्यावा. फळ्यावरची जुनी नावे तशीच राहू द्यावीत. त्यांच्या तिथीला कमी पडणारी पाने वाढणे, हे आज कमावत्या असलेल्या पिढीचे देणे आहे.